लेखन शिकवणाऱ्याची वही

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेबाबत (टीईटी) निकाल दिला आणि तेव्हापासून शिक्षकांच्या योग्यतेवर आपल्याकडे जेवढे बोलले गेले तेवढे एरवी क्वचितच बोलले जाते. शिक्षण हक्क कायदा येण्यापूर्वी नेमणूक झालेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत टीईटी उत्तीर्ण व्हावे, हा त्या निकालाचा गाभा. एका बाजूने लगेच विचारले गेले की, मुलांच्या परीक्षा घेणाऱ्यांना स्वतःच्या परीक्षेची भीती का वाटावी? दुसऱ्या बाजूने उत्तर आले की, वीस-वीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला पुन्हा उमेदवारांच्या रांगेत बसवणे हा त्याच्या सेवेचा अपमान आहे. आवाज चढत गेले आणि त्या गलक्यात एक साधी गोष्ट कोणाच्या नजरेस आली नाही. या परीक्षेच्या प्रत्येक पेपरात १५० गुणांचे १५० प्रश्न असतात, प्रत्येकाला चार पर्याय असतात, आणि त्यांतले ६० गुण दोन भाषांचे असतात. एवढ्या पेपरात उमेदवाराला स्वतःचे एकही वाक्य लिहावे लागत नाही. समास ओळखता आला, उताऱ्याखालच्या प्रश्नाचा योग्य गोल काळा करता आला, की तो मुलांना लिहायला शिकवण्यास पात्र ठरतो.

ही परीक्षा असावी की नसावी, याचा निवाडा मला करायचा नाही. माझी तक्रार वादाच्या मांडणीविषयी आहे. परीक्षेचे समर्थक आणि विरोधक दोघेही असे धरून चालले आहेत की, शिक्षकाची योग्यता केव्हातरी एकदा मोजायची असते. ती नोकरीच्या दारात मोजावी की नोकरीच्या मध्यावर, एवढाच काय तो मतभेद. भाषेच्या शिक्षकाबाबत, त्यातही लेखन शिकवणाऱ्या शिक्षकाबाबत, हे गृहीतच लंगडे आहे. लिहिण्याचे गाण्यासारखे आहे. रियाज सुटला की गळा तर बसतोच, पण दुसऱ्याचा स्वर नेमका कुठे घसरला हेही ऐकू येईनासे होते. म्हणून मी असे म्हणते की, शिक्षकाने स्वतः लिहिणे, लिहिलेले सहकाऱ्यांसमोर वाचणे आणि मुलांच्या वह्या चौघांनी मिळून वाचणे, या तीन गोष्टी ज्या प्रशिक्षणात नाहीत त्याला लेखनाचे प्रशिक्षण म्हणूच नये. लेखनाविषयीच्या सूचनांचे वाटप, असे फार तर म्हणावे.

मी माध्यमिक शाळेत अठ्ठावीस वर्षे मराठी शिकवले आणि त्यातली काही वर्षे सुलभक म्हणून शिक्षकांची प्रशिक्षणेही घेतली. एका तालुक्याच्या ठिकाणी चाळीसेक शिक्षक जमले होते. हजेरीपत्रकावर सह्या झाल्या, फलकासमोर उभे राहून फोटो झाला, आणि पहिल्या तासाला मी, मला दिलेल्या पीपीटीप्रमाणे, लेखनकौशल्याची उद्दिष्टे वाचून दाखवली. दुसऱ्या तासाला, काहीशी स्वतःलाच कंटाळून, मी प्रोजेक्टर बंद केला आणि म्हणाले, तुम्ही ज्या पहिल्या शाळेत शिकलात त्या शाळेच्या खोलीत काय काय होते ते दहा ओळींत लिहा. खोलीत जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाले, “मॅडम, नमुना द्या ना.” दुसऱ्यांनी विचारले, “किती मार्कांसाठी?” सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता माझ्या लक्षात आले की, हे दोन प्रश्न मी वर्गात रोज ऐकते.

वीस मिनिटांनी वाचन सुरू झाले. पहिल्या पाच जणांपैकी चौघांचे लेखन ‘शाळा हे ज्ञानमंदिर आहे’ या किंवा अशाच वाक्याने सुरू होत होते. सहावे गुरुजी निवृत्तीला आलेले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचले की, त्यांची शाळा मारुतीच्या देवळात भरत असे. पूजेला बायका आल्या की मुले भिंतीकडे तोंड करून पाढे म्हणत. आणि मास्तरांनी सायकल ओट्यावरून आत घेतली की आज पाऊस येणार हे पोरांना कळत असे. वाचून ते खाली बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्या शेजारच्या बाईंनी मात्र आपल्या कागदावरची पहिली ओळ आडवी रेघ मारून खोडली आणि खाली काहीतरी नवे लिहायला घेतले. त्या खोडलेल्या ओळीने जे शिकवले ते माझ्या पीपीटीतल्या कोणत्याच पानाने शिकवले नसते. ओळ आपली नाही हे ओळखायचे आणि ती खोडायची, हेच तर आपण मुलांना शिकवू पाहतो. आणि ज्याने स्वतः कधी ओळ खोडलेली नाही, तो ते कशाच्या बळावर शिकवणार?

त्या चाळीस शिक्षकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण नमुना मागण्याची सवय त्यांना व्यवस्थेनेच लावली आहे. आपली सेवांतर्गत प्रशिक्षणे उतरंडीने चालतात. राज्यस्तरावर घटकसंच तयार होतो, तो जिल्ह्याला शिकवला जातो, जिल्हा तालुक्याला शिकवतो आणि तालुका केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला. प्रत्येक पायरीवर काही दिवस गळतात, काही उदाहरणे गळतात, आणि शेवटच्या शिक्षकाच्या हाती येते ती सूचनांची झेरॉक्स. बारा वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी हवी असेल तर विहित प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. म्हणजे प्रशिक्षणाचे नाते वर्गाशी जुळण्याआधी पगाराशी जुळते. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हे देशव्यापी शिक्षक प्रशिक्षण सुरू झाले आणि पुढे ते ‘दीक्षा’ या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन आले, तेव्हा गोष्ट आणखी सोपी झाली. मी स्वतः त्यातले काही व्हिडिओ भाजी निवडता निवडता ‘पूर्ण’ केले आहेत आणि त्यांची प्रमाणपत्रे माझ्याकडे आहेत. आणि आपल्याच लेखनाचे काय? २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, त्यात प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहायची होती. कल्पना किती सुंदर होती! शिक्षकाने मुलाकडे पाहायचे आणि जे दिसले ते दोन वाक्यांत लिहायचे. थोड्याच काळात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग त्यांच्या पीडीएफ आल्या, आणि ‘शाळेत नियमित येतो, अभ्यासात प्रगती चांगली आहे’ हे वाक्य राज्यभरच्या किती मुलांच्या नावापुढे चिकटले याची गणती नाही. ज्या शिक्षकाला समोरच्या मुलाविषयी स्वतःचे एक वाक्य लिहिण्याची सवय उरलेली नाही, तो त्या मुलाला ‘स्वतःच्या शब्दांत लिही’ असे सांगतो तेव्हा त्या सांगण्यात जीव कुठून येणार?

आता विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेते. उत्तम शिकवण्यासाठी उत्तम करता आलेच पाहिजे असे नाही. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले आणि त्यांच्या हाताखालून सचिन तेंडुलकर घडला. गाण्यातही असे गुरू आहेत ज्यांची मैफल कधी गाजली नाही, पण शिष्य गाजले. मग मराठीच्या शिक्षकाने लेखक असलेच पाहिजे हा हट्ट कशासाठी? हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो जेवढा लांब जातो तेवढाच. शिक्षकाने लेखक व्हावे, त्याचे पुस्तक निघावे, दिवाळी अंकात त्याची कविता यावी, असे मी म्हणतच नाही. किंबहुना काव्यवाचनाची हौस आणि लेखन शिकवण्याची ताकद यांचा परस्परांशी संबंध असतोच असे नाही, हे मी शाळांच्या स्नेहसंमेलनांत पुरेसे पाहिले आहे. पण आचरेकर सर मोठे खेळाडू नव्हते याचा अर्थ त्यांनी कधी हातात बॅट धरली नव्हती असा नाही. ते मैदानावर वाढलेले होते आणि उसळत्या चेंडूपुढे पाय मागे का जातो हे त्यांना अंगाने ठाऊक होते. आपल्या भाषाशिक्षकांपैकी पुष्कळ जण असे आहेत की, बी.एड.च्या परीक्षेनंतर त्यांनी पाठ टाचण, अहवाल आणि रजेचा अर्ज यांपलीकडे काही लिहिलेले नाही. कोरा कागद समोर आला की पोटात काय होते, हे ते विसरून गेले आहेत. मुलगा पंधरा मिनिटे पेन चावत बसतो तेव्हा त्यांना तो आळशी वाटतो.

इतिहासात डोकावले तर आपल्या भाषेत लिहित्या शिक्षकांची परंपरा क्षीण नाही. सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला, आणि १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग समाजातील मुलीचा निबंध छापून आला. ती फुल्यांच्या शाळेत शिकत होती आणि शाळेत येऊन तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. आपल्या लोकांचा धर्म कोणता, असे तिने थेट देवालाच विचारले. पेशवाईत आपल्या माणसांचे काय झाले ते सांगितले. आणि डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या महार-मांग स्त्रियांचे दुःख असे लिहिले की ते आजही सलग वाचवत नाही. शिक्षिका कविता लिहीत होती म्हणून विद्यार्थिनीने निबंध लिहिला, असा सरळ कार्यकारणभाव मी मांडत नाही; तसा तो कोणी सिद्धही करू शकणार नाही. पण ज्या शाळेतल्या मोठ्या माणसांसाठी लिहिणे ही रोजची, निकडीची, जोखमीची गोष्ट होती, त्या शाळेत एका मुलीला आपले दुःख निबंधाचा विषय होऊ शकते हे उमगले, हा निव्वळ योगायोग मानायलाही माझे मन तयार होत नाही. तिला जर ‘वसंत ऋतूचे आगमन’ हा विषय मुद्द्यांसह दिला असता, तर?

दुसरे उदाहरण अंमळनेरचे. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयाचे काम पाहत होते, तेव्हा ते मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढत. त्या वेळी ते प्रसिद्ध लेखक नव्हते. त्यांची गाजलेली पुस्तके पुढची, तुरुंगवासाच्या काळातली आणि नंतरची. एक मास्तर मुलांसाठी रोज लिहितो, मुले ते वाचतात आणि लिहिणे म्हणजे परीक्षेपुरते करायचे काम नव्हे, हे त्यांना कोणी न सांगता कळते. आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा तेही सरकारी शाळेत शिक्षकच होते, हे आपण निबंधाचा इतिहास शिकवताना सहसा सांगत नाही. पुढे त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि त्यांनी नोकरी सोडली. (लिहिणारा शिक्षक वरिष्ठांना अडचणीचा वाटतो, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे, पण तो विषय वेगळा.)

यावर कोणी म्हणेल की सावित्रीबाई आणि साने गुरुजी ही अपवादात्मक माणसे होती, त्यांना रोज पोषण आहाराची माहिती ऑनलाइन भरावी लागत नव्हती आणि मतदार यादीसाठी घरोघर फिरावे लागत नव्हते. हे शंभर टक्के खरे आहे. वेळेचा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण त्याचे गणित मी स्वतः जगले आहे. साठ मुलांचा वर्ग, प्रत्येकाच्या निबंधाला पाच मिनिटे, म्हणजे एका निबंधाला पाच तास. दोन तुकड्या असतील तर दहा. हे दहा तास शाळेच्या वेळापत्रकात कुठेच नाहीत. ते शिक्षक घरून आणतो, रात्रीच्या झोपेतून आणि रविवारातून. म्हणूनच तो वर्षात चार निबंध देतो आणि त्यांतले दोन फळ्यावरून उतरवून घेतो. अशा माणसाला आणखी ‘तुम्हीही लिहा’ म्हणणे हे जखमेवर मीठ चोळणे नाही का?

मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण त्या पाच मिनिटांत आपण काय करतो यात आहे. नाशिक भागातल्या एका शाळेतली सातवीची वही माझ्यासमोर आली होती. विषय ‘पावसाळ्यातील एक दिवस’. मुलाने पहिल्या तीन ओळींत रिमझिम पाऊस, हिरवा शालू आणि थुईथुई नाचणारा मोर असे सगळे हप्ते चुकते केले होते. चौथ्या ओळीपासून मात्र तो घरी आला होता: रात्री कांद्याच्या चाळीत पाणी शिरले, कांदा भिजला, बापाने बॅटरी तोंडात धरून ताडपत्री ओढली, आई ‘राहू द्या आता’ म्हणाली. वहीत लाल शाईचे अठरा शेरे होते. ‘भिजला’ची वेलांटी, ‘चाळीत’ची वेलांटी, ‘बाप’ खोडून ‘वडील’, ‘बॅटरी’ खोडून ‘विजेरी’. मोरावर एकही शेरा नव्हता. मोर शुद्ध होता. खाली लिहिले होते: ‘निसर्गवर्णन अधिक हवे.’

या शेऱ्यांना पाच मिनिटे लागली असतील, कदाचित सातही. जो शिक्षक स्वतः लिहितो, आपली खोडलेली ओळ ज्याला आठवते, तो मोराशेजारी एक छोटी आडवी रेघ मारेल आणि आईच्या वाक्यापाशी एवढेच लिहील की, ‘मग बाबा काय म्हणाले?’ त्याला दीड मिनिट लागेल. वेलांट्यांचे काय, असे विचारणारे मला भेटतात. वेलांट्या महत्त्वाच्या आहेतच. पण मुलाजवळ सांगण्यासारखे काही उरले तर ते शुद्ध लिहिण्याचे कष्ट तो घेईल. पहिल्या खर्ड्यावर शुद्धलेखनाचा वरवंटा फिरवू नये, हे तत्त्व प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत छापलेले असते आणि शिक्षकाने ते वाचलेलेही असते. ते हातात उतरत नाही, कारण आपला पहिला खर्डा किती वेडावाकडा असतो याचा अनुभव त्याच्या गाठीला नसतो. स्वतः लिहिण्यात गेलेला तास तपासण्याच्या दहा तासांना कात्री लावतो, असा माझा अनुभव आहे. आणि हो, अशैक्षणिक कामे कमी व्हावीत या मागणीत मी शिक्षक संघटनांच्या बरोबर आहे. फक्त ती कामे संपेपर्यंत लेखन शिकवणे स्थगित ठेवता येणार नाही.

‘बाप’ खोडून ‘वडील’ करणाऱ्या लाल रेघेबद्दल आणखी थोडे बोलायला हवे. प्रमाण मराठी शिकवणे हे शाळेचे काम आहे आणि अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला ती न शिकवणे हा त्याच्यावर अन्यायच ठरेल, हा मुद्दा मला मान्य आहे. पण प्रमाण भाषेपर्यंत जाणारी वाट घरच्या भाषेतून जाते की तिला टाळून, हा खरा वाद आहे. धुळ्याकडच्या एका शिक्षिकेने अशाच एका बैठकीत स्वतःच्या आजीवर लिहिले. आजीचे बोलणे तिने आधी प्रमाण मराठीत लिहिले, वाचून दाखवताना थांबली, म्हणाली, “आजी अशी बोलायची नाही,” आणि तिथल्या तिथे ते वाक्य अहिराणीत म्हटले. बाकीचे सगळे तसेच प्रमाण भाषेत राहिले. निवेदन एका भाषेत, माणसे त्यांच्या भाषेत, हा तोल तिला व्याख्यानाने सापडला असता का? दुसऱ्या दिवशी वर्गात तिने कोणाच्या वहीतला ‘बाप’ खोडला असेल, असे मला वाटत नाही.

शिक्षकांनी स्वतः लिहिण्याचा हा मार्ग अन्यत्र चोखाळला गेला आहे. १९७४ मध्ये, म्हणजे ‘निबंधमाले’नंतर बरोबर शंभर वर्षांनी, अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले आवारात जेम्स ग्रे यांनी बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट सुरू केला. ग्रे हे पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवत असत. तिकडेही तेव्हा असाच गलका होता. १९७५ च्या डिसेंबरात ‘न्यूजवीक’ने आपल्या मुखपृष्ठावरच विचारले होते की आमच्या मुलांना लिहिता का येत नाही. दोष कोणाचा यावर रकानेच्या रकाने भरले जात असताना ग्रे यांनी वेगळेच केले. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी चांगले शिकवणारे शाळाशिक्षक विद्यापीठात बोलावले. त्यांनी आपापल्या वर्गातला एक-एक प्रयोग इतरांना करून दाखवायचा, स्वतः लिहायचे, लहान गटांत ते वाचायचे, आणि परत गेल्यावर आपल्या भागातल्या शिक्षकांबरोबर तेच करायचे. शिक्षकाचा सर्वांत चांगला शिक्षक दुसरा शिक्षकच असतो, ही त्यामागची धारणा. पुढे त्यातून देशव्यापी नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट उभा राहिला. १९९१ पासून त्याला केंद्र सरकारचा निधी मिळू लागला आणि २०११ मध्ये तो थेट निधी बंद झाला, तरी विद्यापीठांतली केंद्रे चालू राहिली. वरून पैसा थांबला तरी जे टिकते त्याची मुळे कुठे असतात, हे आपल्या उतरंडीच्या प्रशिक्षणांनी स्वतःला विचारून पाहावे.

अर्थात बर्कलेचे रोप आणून बीडमध्ये लावावे, इतके हे सोपे नाही. इथे मला सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या आक्षेपाशी येऊन थांबावे लागते. समजा, उद्या शासनाने माझे म्हणणे ऐकले आणि परिपत्रक काढले की प्रत्येक भाषाशिक्षकाने दरमहा एक पान लिहून सादर करावे. काय होईल? पंधरा दिवसांत ‘शिक्षक लेखन: तयार नमुने’ अशी पीडीएफ समूहांवर फिरू लागेल, आणि हल्ली तर तेवढेही कष्ट नकोत, फोनला सांगितले की तो आजीवर डोळ्यांत पाणी आणणारे पान लिहून देतो. वर्णनात्मक नोंदींचे जे झाले तेच याचे होईल. हा आक्षेप घेणारे म्हणतात की, म्हणून या नाजूक गोष्टीला हातच लावू नये, परीक्षा बरी, निदान तिच्यात नक्कल पकडता तरी येते.

माझ्या मते या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. सक्तीने ही गोष्ट मरते, हे खरे. म्हणून तिला सक्तीच्या कक्षेबाहेर जागा द्यावी लागेल, आणि ती जागा आजही कागदावर आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणते की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत, आणि तेही त्याच्या स्वतःच्या आवडीनुसार. ‘पन्नास तास’ हे शब्द सगळ्या परिपत्रकांनी उचलले. ‘आवडीनुसार’ मात्र कोणाच्या लक्षात राहिलेले दिसत नाही. या पन्नासांतले दहा तास मागणाऱ्या शिक्षकांना लेखनगटासाठी मोकळे द्यावेत. वेगळी इमारत नको, वेगळा निधी जवळजवळ नको. राज्यात साडेचार हजारांहून अधिक केंद्रे आहेत आणि केंद्रावर शिक्षकांची शिक्षण परिषद भरतेच. तिच्यातल्या भाषणांपैकी एक भाषण कमी केले तरी तास निघतो. सहा-सात जण बसतील, वीस मिनिटे तिथेच कागदावर लिहितील, वाचतील, आणि उरलेल्या वेळात एकाच वर्गाच्या चार वह्या सगळे मिळून पाहतील. समोर बसून हाताने लिहिलेली दहा ओळींची नक्कल पीडीएफमधून होत नाही. सगळे शिक्षक येणार नाहीत. दहातला एक आला तरी, वरून खाली गळत येणाऱ्या प्रशिक्षणापेक्षा त्याचा शेजारच्या वर्गावर होणारा परिणाम मला अधिक खात्रीचा वाटतो.

दहावीच्या गुणांचे काय, हा पालकांचा प्रश्नही टाळण्यासारखा नाही. मराठी प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत २४ गुण उपयोजित लेखनाचे आहेत. आराखडा ठरलेला आहे आणि ठरलेल्या आराखड्यात मार्गदर्शकातला निबंध चपखल बसतो. पण मी उत्तरपत्रिका तपासलेल्या आहेत. एकाच गठ्ठ्यात ओळीने अकरा निबंध त्याच सुविचाराने सुरू झाले की तपासणाऱ्याचे डोळे पाणावत नाहीत, मिटतात. बाराव्या निबंधात एखादी मुलगी एसटीच्या पासासाठी रांगेत उभी असल्याचे साधे, थोडे अशुद्ध वर्णन करते आणि परीक्षक सावरून बसतो. गुण द्यायचे म्हटले तर तिला द्यायला हात आपोआप वर जातो. पाठ निबंधाने सुरक्षित मधले गुण मिळतात, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

राहिला मोजमापाचा प्रश्न. असे गट चालले तर त्यांचे फलित दाखवायचे कसे, असे अधिकारी विचारतात, आणि जनतेचा वेळ-पैसा ज्यांच्या हाती आहे त्यांनी ते विचारलेच पाहिजे. वर्षाच्या आरंभीची आणि शेवटची, त्याच दहा मुलांची दोन-दोन पाने शेजारी ठेवून तीन शिक्षकांनी वाचावीत, यापेक्षा अधिक काटेकोर साधन मला सुचलेले नाही, आणि त्याचा तक्ता होत नाही हे मला कबूल आहे. त्या तालुक्याच्या प्रशिक्षणाचा अहवाल भरताना ‘फलनिष्पत्ती’च्या रकान्यात मी लिहिले होते: ‘एकोणचाळीस शिक्षकांनी प्रत्येकी दहा ओळी लिहिल्या, त्यांपैकी अकरा जणांनी पहिली ओळ खोडली.’ अहवाल आठ दिवसांनी परत आला. कोपऱ्यात पेन्सिलीने शेरा होता की, दुसऱ्या सत्राचा फोटो जोडलेला नाही. फोटो नव्हताच, त्या तासाला कोणाला फोन काढायची आठवण राहिली नव्हती.